ओट्यातला दात

स्वयंपाकघराचा ओटा उंच करायचा, एवढंच ठरलं होतं. त्यात समुद्र नव्हता, संग्रहालय नव्हतं आणि नामशेष झालेला कुठलाही प्राणी नव्हता. होती ती फक्त हिची पाठ. आमचा जुना ओटा माझ्या आईच्या मापाचा. आई ठेंगणी, तिला तो अगदी कोपराच्या खाली बेताने यायचा. हिला मात्र त्याच्यावर वाकून वाकून पाठीचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या नाहीतर ओटा बदला. गोळ्या घेऊन झाल्या. मग संध्याकाळी कमरेवर दोन्ही हात ठेवून ही खिडकीपाशी नुसती उभी राहू लागली. ही भांडली असती तर मी वर्षभर सहज काढलं असतं, पण न बोलणाऱ्या माणसापुढे माझा टिकाव लागत नाही. मी ओट्याचं मनावर घेतलं.

ग्रॅनाइट घ्या, असं गवंडी म्हणाला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. ज्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असतं तिच्यात काहीतरी खोट असणार, अशी माझी खात्री आहे, कारण मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणून मी एका रविवारी हिला घेऊन फरशीच्या वखारीत गेलो आणि पुढची सगळी चकचकीत ग्रॅनाइटं ओलांडून थेट मागच्या अंगणात शिरलो. तिथे करड्या चुनखडीच्या काही लाद्या उन्हात टेकून उभ्या होत्या. एकाच ठोकळ्याच्या, पावासारख्या एकापाठोपाठ एक कापलेल्या. स्वस्त होत्या, कारण त्यांत तपकिरी डाग होते. डाग नाहीत, निसर्गाची नक्षी आहे, असं मी हिला समजावलं. हिने डागाला बोट लावून बोट पदराला पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी लादी घेतली.

घेतली ती घेतली, वर तिचं कौतुक सोसायटीभर करत फिरलो. माणसाने स्वतःच्या खरेदीचं इतकं कौतुक करू नये. कारण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दवाखान्याच्या काउंटरसाठी आणि सेक्रेटरींनी सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलासाठी त्याच ठोकळ्याच्या लाद्या उचलल्या. त्या वेळी मला आपल्या शब्दाला किती वजन आहे असं वाटून छाती फुगली होती.

गवंड्याने पहिल्याच सकाळी जुना ओटा पाडला. पाडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. शेगडी जमिनीवर एका फळीवर आली आणि ही तिच्यापुढे पाटावर बसली. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं गवंडी म्हणाला आणि मीही म्हणालो. मग त्याने लादी दोन पिंपांवर आडवी टाकली आणि सिंकचं भोक पाडायला कटर लावला. कटर जरा पुढे गेला आणि असा काही किंचाळला की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. गवंड्याने पातं काढून पाहिलं. पात्याची धार गेली होती. दगडात गाठ आहे, तो म्हणाला, सिमेंट भरून टाकू.

एवढ्यात तळमजल्यावरचे डॉक्टर पांढरा कोट घालूनच वर आले. त्यांच्या खुर्चीत एक पेशंट होता आणि वरून येणारा हा आवाज ऐकून, नवीन मशीन आपल्यासाठीच गरम करतायत असं वाटून तो जिन्यापर्यंत पोचला होता. डॉक्टर रागावून बोलायला आले होते, पण त्यांची नजर लादीतल्या गाठीवर गेली आणि ते तिच्यावर वाकले. त्यांनी खिशातून आपला छोटा गोल आरसा काढला. धूळ फुंकली. वितीएवढा, किंचित वाकलेला, तपकिरी, तुकतुकीत सुळका. त्यांनी त्याच्यावर टिचकी मारून पाहिलं, कड चाचपली आणि म्हणाले, "हा दात आहे. माणसाचा नाही. एवढं शिकून माझं शिक्षण संपलं."

पण तिथे थांबले तर ते आमचे शेजारी कसले. त्यांनी खाली जाऊन पेशंटचं कोरं कार्ड आणलं आणि माझ्यादेखत भरलं. दात निरोगी, कीड नाही, हिरड्या नाहीत. वयाच्या रकान्यापाशी ते अडले. पुढे वय कळल्यावर त्यांनी तिथे सात कोटी असं लिहिलं आणि ज्येष्ठ नागरिक या चौकटीत खूण केली. असे दात सगळ्यांना असते तर आपण उपाशी मेलो असतो, असं ते बराच वेळ त्या दाताकडे बघून सांगत होते.

सेक्रेटरींना बातमी कळायला काही वेळ लागला नाही. ते वर आले, त्यांनी दात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो, बाकीचा प्राणी कुठे आहे. मी म्हणालो, माहीत नाही. ते खाली गेले आणि संध्याकाळी फलकावर सूचना लागली: सभासदांनी आपल्या सदनिकेत नामशेष झालेले प्राणी, संपूर्ण अथवा अंशतः, आणण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, तसेच उर्वरित प्राण्यासाठी लिफ्टचा वापर करता येणार नाही. मी इतकी वर्षं वेळेवर देखभाल खर्च भरणारा सभासद. माझ्यासाठी फलकावर लागलेली ती पहिलीच सूचना, आणि ती अशी.

गवंडी रोज यायचा, लादीकडे बघायचा, काय करू विचारायचा आणि चहा घेऊन जायचा. मी त्याला लादीला हात लावू देईना. कारण तोपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे एक पाटी दिसायला लागली होती. पितळेची. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटावर लावतात तशी. तिच्यावर दात्याचं नाव म्हणून माझं नाव. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या दाव्यांवर सह्या केल्या. आपला म्हणून एक दावा जगात असावा असं मला वाटलं तर त्यात गैर काय होतं, हे मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

संग्रहालय मोठ्या शहरात, बसने निम्मा दिवस. रजा टाकून, दाताचा फोटो घेऊन गेलो. दगड विभाग म्हणाला, दात आहे म्हणता तर प्राणी विभाग. प्राणी विभागाने विचारलं, कातडी आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. त्यांच्याकडे पेंढा भरलेलेच प्राणी घेतात, म्हणाले. प्राणी पेंढा भरण्याच्या अवस्थेपलीकडे गेलेला आहे, असं मी शांतपणे सांगितलं. मग मला पुन्हा दगड विभागाकडे पाठवलं, तिथे जेवणाची सुट्टी झाली होती. शेवटी जिन्यात एका बाईंनी माझ्या हातातला फोटो पाहिला आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. त्याच या विषयातल्या संशोधक निघाल्या. मी पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांची कल्पना केली होती. या बाई मला काका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. लादीपुढे गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी सांगितलं की हा मोसासॉरचा दात. समुद्रातला अवाढव्य सरपटणारा प्राणी, सरड्याच्या लांबच्या नात्यातला, डायनासोर जमिनीवर होते तेव्हा हा पाण्यात होता. लांबी आमच्या हॉलपासून जिन्यापर्यंत, कदाचित पुढेही. मी नम्रपणे विचारलं की अशा प्राण्याला शोधणाऱ्याचं नाव देतात असं ऐकलंय. त्या म्हणाल्या, याला नाव आहे, काका, खूप आधीपासून. आणि मग अगदी सहज त्यांनी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. या प्राण्यांचे दात आयुष्यभर पडायचे आणि नवे यायचे, त्यामुळे दात पुष्कळ सापडतात, संग्रहालयात ड्रॉवरभर आहेत.

ड्रॉवरभर हा शब्द मला फार लागला.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. दाताच्या मुळाशी हाड आहे, त्या म्हणाल्या. म्हणजे हा सुटा पडलेला दात नाही, हा जबड्यात आहे. आणि जबडा या लादीत संपत नाही. तो अलीकडच्या आणि पलीकडच्या लाद्यांतही चिरला गेलेला असणार. त्या लाद्या मिळाल्या तर अख्खा जबडा. माझी पाटी पुन्हा चमकू लागली. तोपर्यंत लादीला उष्णता नको, आंबट नको, धक्का नको, असं बाई सांगत होत्या. शेगडीपुढे बसलेली ही म्हणाली, "स्वयंपाकघरात ठेवायला अगदी योग्य वस्तू आणलीत." मग तिने बाईंना विचारलं की हे नेणार कधी. सगळे तुकडे एकत्र आले की, बाई म्हणाल्या. हिने मान हलवली आणि उठण्यासाठी भिंतीला हात लावला.

तुकडे गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. पहिला तुकडा आमच्याच पायाखाली होता. डॉक्टरांच्या काउंटरवर, पेशंट जिथे गाल धरून कोपर टेकतात तिथेच, दोन दात अर्धेअर्धे चिरलेले दिसत होते. डॉक्टरांचा चेहरा पाहवेना. दातांचा दवाखाना, दातांचा डॉक्टर, आणि काउंटरमधले दात त्यांना दिसले नव्हते. मी कायम वर बघतो, खाली बघायची सवय नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांनी लादी लगेच काढून दिली आणि कार्डावर आणखी दोन दात चढवले.

सेक्रेटरींनी मात्र आपल्या टेबलाला हात लावू दिला नाही. त्यांनी सभासदांना ते ग्रॅनाइट आहे असं सांगून मंजुरी घेतली होती. ग्रॅनाइटच आहे, ते माझ्याही तोंडावर म्हणाले. डॉक्टरांनी घरून लिंबू आणलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पिळलं. चुनखडीवर आंबट पडलं की बारीक फेस येतो, आला. सेक्रेटरी त्या फेसाकडे बघत राहिले आणि मग खाजगीत बोलू, म्हणाले. त्या दुपारी टेबल दुरुस्तीला गेलं, त्याची लादी माझ्या ताब्यात आली आणि फलकावरची माझ्याबद्दलची सूचना कोणीतरी काढून टाकली.

तिसरी लादी कुठे गेली ते वखारवाल्याने पावती पाहून सांगितलं. ती माझ्याच ऑफिसात आली होती. कंत्राटदाराने तिचे तुकडे करून पुरुषांच्या मुतारीत दोन माणसांच्या मध्ये आडोसा म्हणून उभे केले होते. मी तिथे रोज जात होतो. सात कोटी वर्षं एका प्राण्याने दगडात काढली आणि शेवटी आमच्या दावे विभागासमोर तोंड उघडून उभा राहिला, हे मनात येऊन मला भडभडून आलं. जेवणाच्या सुट्टीत, कोणी नाही असं बघून, मी डॉक्टरांचा आरसा आणि एक छोटी बॅटरी घेऊन आत गेलो आणि आडोशाखाली गुडघ्यांवर बसलो. नेमके त्याच वेळी मोठे साहेब आले.

साहेबांनी काय चाललंय विचारलं. मी खरं तेच सांगितलं की दात शोधतोय. साहेबांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. होतं असं वयाप्रमाणे, ते म्हणाले, आणि हात धरून मला उठवलं. पुढचे काही दिवस ऑफिसातली माणसं माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझी बिस्किटं माझ्या आधी चहात बुडवून ठेवायच्या. शेवटी संग्रहालयाचं पत्र आलं, आडोसे निघाले, त्यांत जबड्याचा मागचा भाग सापडला, आणि आता सगळ्या पुरुष कर्मचाऱ्यांना आडोशाशिवाय उभं राहावं लागतं याचं खापर माझ्या माथ्यावर फुटलं.

या सगळ्यात ही जमिनीवरच होती. एका संध्याकाळी मी संशोधक बाईंशी फोनवर बोलत होतो. जबड्याचा कोन कसा मोजतात ते त्या सांगत होत्या. हिने शेगडी बंद केली, उठायला गेली आणि अर्ध्यात अडकली. तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी एक बोट वर करून तिला थांबायची खूण केली. कोनाचा मुद्दा महत्त्वाचा होता. फोन झाला तेव्हा ती लादीची कड धरून स्वतःच उठलेली होती. धक्का नको सांगितलंय ना, असं मी म्हणालो. ती पुढच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. टेम्पो ठरवायचा होता.

बाकीच्या तिन्ही लाद्या घेऊन मी स्वतः टेम्पोत बसून संग्रहालयात गेलो. आमची लादी मुद्दाम मागे ठेवली. ती शेवटी, समारंभाने, माझ्या घरातून, फोटोसकट उचलली जावी असा माझा बेत होता. तिथे एका लांबच्या भावाकडे आठवडाभर राहिलो, रोज जाऊन जुळणी पाहत होतो. करड्या दगडाच्या चिरा शेजारी शेजारी ठेवल्या आणि हळूहळू जबडा दिसायला लागला. एकाच दाताची जागा मोकळी होती. ती जागा माझी, असं मी तिथल्या पहारेकऱ्यालाही सांगितलं. घरी फोन केला की ही बरं म्हणायची आणि ठेवायची. शेवटी आमची लादी उचलायची मंजुरी मिळाली. बाई, टेम्पो आणि पहारी घेतलेली दोन माणसं यांच्यासह मी घरी परतलो.

जिन्यातच कुकरची शिट्टी ऐकू आली. का कोण जाणे, ती नेहमीपेक्षा वरून आल्यासारखी वाटली.

स्वयंपाकघरात ओटा होता. गवंडी कोपऱ्यात आपली हत्यारं पिशवीत भरत होता. त्याने लादी फिरवून सिंकचं भोक दुसऱ्या टोकाला पाडलं होतं, आणि दात जिथे होता तिथेच, शेगडीच्या बाजूला, खिडकीच्या उजेडात, सिमेंटात पक्का बसला होता. त्याच्या शेजारी ताटात चिरलेली भाजी होती. "वहिनींनी माप दिलं, साहेब," गवंडी म्हणाला. "कोपराच्या वीतभर खाली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या बाईंच्या आणि त्या दोन माणसांच्या देखत, जे काही बोलायचं ते बोलण्यासाठी हिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की हिच्या डोळ्यांकडे बघायला मला मान वर करावी लागतेय.

थोडीशीच, पण वर. आमच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत आम्ही खुर्च्यांवर बसलेलो आहोत. त्यानंतर मी हिला पाहिलं ते ओट्यावर वाकलेली असताना, नाहीतर पाठ धरून चालताना. ही माझ्यापेक्षा उंच आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. मी तसाच बघत राहिलो. मला लाजही वाटली आणि, खोटं कशाला सांगू, ही इतकी छान दिसते याचा आनंदही झाला.

तिने सुरी खाली ठेवली. "न्यायचा असेल तर न्या," ती म्हणाली. "अडवणार नाही. पण मी परत खाली बसणार नाही."

पहारवाल्याने विचारलं, कुठून फोडू. गवंडी म्हणाला, असं काढायला गेलं तर सगळंच जाईल. बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे आता मलाच बोलायचं होतं. डोळ्यांपुढे पितळेची पाटी आली, तिच्यावरची अक्षरंही आली. मग माझी नजर पुन्हा हिच्या खांद्यांकडे गेली. ते सरळ होते.

"दात इथेच राहू दे," मी म्हणालो. माझा आवाज जरा चिरकला, पण ऐकू गेला.

बाईंनी मापं घेतली, फोटो काढले, ओट्यावर केलेला चहा त्याच ओट्याला टेकून उभ्या उभ्या प्यायल्या आणि गेल्या. टेम्पो रिकामा परत गेला, त्याचं भाडं कोणी द्यायचं यावरून माझं आणि संग्रहालयाचं अजून जमलेलं नाही. डॉक्टर अधूनमधून वर येतात, आरसा लावून दात बघतात आणि कार्डावर प्रकृती स्थिर असं लिहून खाली जातात. आंबट काही करायचं असलं की ही शेगडीच्या दुसऱ्या बाजूला करते. एवढी काळजी ती माझी कधी घेत नाही.

जबडा लोकांसाठी खुला झाला तेव्हा बाईंनी आम्हाला बोलावलं. मोठ्या दालनात, काचेमागे, तो प्राणी तोंड वासून होता. खाली प्राण्याचं नाव होतं, काळ होता, आणि आभार मानलेल्यांत दवाखाना, सोसायटी आणि आमचं ऑफिसही होतं. माझं नाव कुठे नव्हतं. मी दोनदा वाचून पाहिलं. मग मधल्या मोकळ्या जागेपाशी एक छोटी चिठ्ठी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं: या जागचा दात सध्या वापरात आहे.

हिने ती वाचली आणि इतकी हसली की पहारेकरी वळून बघायला लागला. बाई म्हणाल्या, तुमचा दोघांचा फोटो काढते, त्या जागेसमोर उभे राहा. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. ही ताठ उभी राहिली, अगदी सरळ. मी कोणाला दिसणार नाही अशा बेताने टाचा उचलल्या.